उसन्या वस्तूंचे रंग

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची. बस दीड तास उशिरा निघाली, शेजारच्या बाईंनी माझ्या खांद्यावर मनसोक्त झोप काढली आणि माझी छत्री गाडीतच राहिली. तरी आज मी खूश आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी नवी नोकरी, नवी खोली आणि नवी कोरी वही एकाच दिवशी मिळायला नशीब लागतं.

शाळेने चित्रकलेचे तास बंद केले तेव्हा वाटलं होतं, आपलं संपलं. बावीस वर्षं मुलांना तोच घडा आणि तेच दोन कांदे काढायला शिकवले. आता एका खऱ्या चित्रकर्तीची मदतनीस झाले आहे. चिंगी फोनवर हसून हसून बेजार झाली. म्हणाली, आई, मी इथे वसतिगृहात राहून शिकते आणि तू तिथे शिकाऊ उमेदवार, म्हणजे आपण दोघी आता एका इयत्तेत.

घर गल्लीच्या टोकाला आहे, दुमजली. दार उघडलं ते ताईंनी. ताई म्हणजे मॅडमच्या थोरल्या बहीण, बारीक चणीच्या, सत्तरीच्या. घर त्याच चालवतात. मॅडमना सगळे मॅडमच म्हणतात. त्या साठीच्या आहेत, केस पांढरे, कापलेले, बोटांच्या पेरांत रंग. खाली त्यांची चित्रांची खोली. तिथे शिरले आणि हातातली पिशवी हातातच राहिली माझ्या. नारिंगी भिंतीवर दहा-बारा स्थिरचित्रं. किटली, कंगवा, कुलूप, पावाचा तवा, असल्याच रोजच्या वस्तू. पण रंग असे की वाटावं, हात लावला तर गरम लागतील.

माझी खोली वर. खिडकीतून समोरच्या शिंप्याचं दुकान दिसतं. खिडकीच्या फळीवर चिंगीने सातवीत केलेली मातीची वाटी ठेवली आहे, पिवळी, निळ्या ठिपक्यांची, एका बाजूला कललेली. ती ठेवली की कुठलीही खोली माझी होते.

४ मार्च, मंगळवार

मॅडमची पद्धत आज समजावून घेतली. टेबलावर आधी कापडं पडतात: गुलाबीवर हिरवं, त्यावर अर्धं दुमडलेलं जांभळं. मग वस्तू. पिवळ्याच्या शेजारी निळं ठेवलं की दोन्ही रंग पेटतात, हे मीही शिकवायचे. पण मॅडम सावलीत काळा रंग अजिबात घालत नाहीत. लिंबाची सावली जांभळी, निळ्या बरणीची विटकरी. मला त्यांनी एका जगसमोर अर्धा तास बसवलं. म्हणाल्या, मास्तरीणबाई, तो जग आहे हे विसरेपर्यंत बघा. नाव गळून पडलं की रंग दिसतो.

विकत आणलेल्या नव्या वस्तू त्या काढत नाहीत. वापरातल्याच हव्यात, त्याही लोकांकडून उसन्या. वस्तू कोणाची, कधी आणली, कधी परत केली, ही यादी मी ठेवायची.

जेवताना एक गंमत झाली. मॅडम ताटाशेजारच्या चमच्याकडे नुसत्या बघत बसल्या. शेवटी ताईंनी तो त्यांच्या हातात दिला, बोटं नीट मिटवली, तेव्हा कुठे त्यांनी सूप प्यायलं. थोर माणसांचं असं असतंच. आमचे हेडमास्तर एका पायात तपकिरी आणि एका पायात काळा बूट घालून यायचे, ते तर चित्रकारही नव्हते.

७ मार्च, शुक्रवार

आज पहिली वस्तू मी मागून आणली: समोरच्या शिंपीकाकांची कात्री. मोठी, जड, पितळी मुठीची, त्यांच्या वडिलांच्या हातची. काका गप्पिष्ट आहेत. कात्री देताना म्हणाले, सोमवारपर्यंत परत करा, नाहीतर मला कापड दातांनी फाडावं लागेल, आणि दात बायकोने मोजून ठेवलेत. काकू आतून म्हणाल्या, दातांचं सोडा, जिभेला धार आहे तीच वापरा.

मॅडमनी दुपारभरात कात्री काढली. तेलरंग, जाड थर. पातीवर आकाशी, मुठीत नारिंगी आणि एक हिरवी रेघ, जी मला कात्रीत दिसत नव्हती आणि चित्रात बघितल्यावर दिसायला लागली. मी मागे उभी राहून बघत होते. डोळ्यांत पाणी कधी आलं कळलं नाही.

हे सगळं एका मोठ्या कॅनव्हासवर जमणार आहे. एक लांब टेबल, त्यावर सगळ्या उसन्या वस्तू. मे महिन्यात प्रदर्शन आहे.

१० मार्च, सोमवार

कात्री परत दिली. शिंपीकाकांनी ती दोन्ही हातांत घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, हे काय असतं? मी हसले. तेही हसले, पण माझ्या मागून, जरा उशिराने. मग त्यांनी ती खणात ठेवून दिली.

चिंगीचा फोन. परीक्षा संपत आल्या. महिनाअखेरीस इकडे येते म्हणाली.

१३ मार्च, गुरुवार

खिडकीतून काकू रडताना दिसल्या म्हणून खाली गेले. दुकानात एक कोट टेबलावर पसरलेला, खडूच्या खुणा केलेला, आणि शिंपीकाका त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेले. काकूंनी सांगितलं, सोमवारपासून हे असंच आहे. माप घेतात, खुणा करतात, आणि तिथेच थांबतात. नवी कात्री आणून दिली, तर ती धरायची कशी हेच उमजत नाही त्यांना. कापायचं म्हणजे काय करायचं, असं विचारतात. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे होतं असं.

काका माझ्याकडे बघून फार गोड हसले. चाळीस वर्षं ज्यांनी कापड कापलं त्यांनी.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, वाईट झालं. आणि ब्रश पुसत राहिल्या. ताई मात्र उठून आत गेल्या.

योगायोग असणार. भिंतीवरच्या चित्रांतला पावाचा तवा कोणाचा, ते मी जुन्या यादीत बघितलं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा. ती बेकरी बंद आहे. मी आले तेव्हापासून बंदच आहे.

१५ मार्च, शनिवार

मॅडमना ताईंचा हिरवा कप हवा होता. ताई आधी ऐकलं नाही असं दाखवत राहिल्या. मग म्हणाल्या, कप नको, दुसरं काहीही घे. इतक्या दिवसांत ताईंनी कशाला नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मॅडमनी फळीवरून कप उचलला आणि घेऊन गेल्या.

संध्याकाळपर्यंत कप चित्रात होता. त्या हिरव्याला काय म्हणावं? मी रंगांची माणूस, पण त्याला माझ्याकडे शब्द नाही.

१६ मार्च, रविवार



सकाळी स्वयंपाकघरातून किंकाळी ऐकली. धावत गेले. ओट्यावर चार कप मांडलेले होते. ताईंनी किटलीतला उकळता चहा आपल्या ओंजळीत ओतून घेतला होता.

हात गार पाण्यात धरले, मलम लावलं, डॉक्टरांना बोलावून पट्ट्या बांधल्या. ते गेल्यावर मी ताईंना एक कप दाखवला. त्या बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, बाई, हे आहे ते काय आहे? याच्यात चहा घेतात का? मला ठाऊक असलं पाहिजे, हो ना?

मग त्यांनी सगळं सांगितलं. मॅडमनी सुरुवात स्वतःपासून केली होती. कंगवा, चमचा, चपला, आरसा. एकेक वस्तू चित्रात गेली आणि मॅडमच्या ओळखीतून पुसली गेली. मग ताई त्यांचे केस विंचरू लागल्या, चमचा हातात देऊ लागल्या. ताई म्हणाल्या, तिच्याजवळ स्वतःचं काही उरलं नाही तेव्हा ती दुसऱ्यांचं मागायला लागली. मला वाटलं, माझ्यापर्यंत यायची नाही. पाठची बहीण आहे माझी.

१८ मार्च, मंगळवार

मी एक केलं.

दुपारी मॅडम तासभर झोपतात. मी खाली गेले, रंग खरवडायची सुरी घेतली आणि चित्रातला कप खरवडून काढला. तेलरंग तीन दिवसांत वाळत नाही. ओला हिरवा सुरीवर लोण्यासारखा आला. खालचा पांढरा कॅनव्हास दिसेपर्यंत काढला.

मागे काहीतरी किणकिणलं. स्वयंपाकघरात ताई पट्ट्या बांधलेल्या हातांनी हिरवा कप छातीशी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, आईने दिला होता हा. लग्नात. दोन होते, एक फुटला. मी त्यांना धरून तिथेच जमिनीवर बसले. आम्ही दोघी रडत होतो.

लगेच कात्रीही खरवडली. पण तिला अकरा दिवस झाले होते. वरची साय वाळली होती, तिचे नुसते तुकडे पडले. शिंपीकाकांकडे धावत गेले. ते दारात बसले होते. त्यांनी पुन्हा तसंच गोड हसून मला बसायला सांगितलं.

म्हणजे रंग ओला असेपर्यंतच. वाळला की परत येत नाही.

२० मार्च, गुरुवार

मॅडमना कळलं. त्या चिडल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मला समोर बसवलं आणि शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं. आधी त्या अगदी साधी चित्रं काढायच्या. लोक बघायचे आणि पुढे जायचे. मग एक दिवस स्वतःचा कंगवा काढला, आणि लोक त्याच्यापुढे उभे राहून रडले. म्हणाल्या, मास्तरीणबाई, तुम्हीही रडलात कात्रीपुढे. तो रंग नळीतून येत नाही. माणसाची वस्तूशी जी ओळख असते ना, तो रंग तिचा असतो. ती ओळख माणसाबरोबर मरून जाते. मी ती ठेवते.

मी म्हटलं, विचारून तरी घ्या. त्या म्हणाल्या, विचारलं तर कोण देईल?

ताईंना घेऊन शनिवारच्या बसने जायचं ठरवलं आहे. परतीची बस मंगळवारी आणि शनिवारी, दोनच दिवस. ताई आधी नाही म्हणत होत्या. मग म्हणाल्या, तिला चमचा कोण देईल? आणि मग स्वतःच म्हणाल्या, येते.

आज मॅडमच्या नावाने एक खोकं आलं. अ‍ॅक्रिलिकच्या नळ्या. पाण्यात कालवायचे रंग, पंधरा मिनिटांत वाळतात. त्या म्हणाल्या, तेलरंगांना फारच वेळ लागतो.

२१ मार्च, शुक्रवार

खिडकीच्या फळीवर धुळीत एक गोल खूण आहे. तिथे काहीतरी होतं.

मोठ्या चित्रात एक नवीन आकार आला आहे. पिवळा, निळ्या ठिपक्यांचा, थोडा कललेला. फार सुंदर. किती वेळ बघत होते कोण जाणे. बोट लावून बघितलं, कोरडा खडखडीत होता.

दुपारी फोन वाजला. एक मुलगी होती, खूप भरभर बोलत होती. पेपर सोपा गेला, असं काहीसं. मी म्हटलं, आपला नंबर चुकला असेल. ती हसली. मग मला आई म्हणाली. मी फोन ठेवला. कोणाचा तरी फोन लागला होता चुकून, बिचारीचा.

२१ मार्च, पुन्हा

ताईंनी माझा चेहरा बघून ही वही माझ्या हातात दिली आणि पहिल्या पानापासून वाचायला लावलं.

वाटी. चिंगीने सातवीत केलेली. अक्षर माझंच आहे. चिंगी माझी लेक आहे, तीही माझ्याच अक्षरात आहे. तीन ठिकाणी आहे. वाचून कळतं. दुसऱ्या कोणाच्या घरातली गोष्ट वाचावी तसं कळतं.

शिंपीकाकांची नुसती कात्री गेली नव्हती. कापणं गेलं होतं. तशी माझी नुसती वाटी गेलेली नाही.

मनगटावर शाईने लिहून ठेवलं आहे: मला लेक आहे.

२२ मार्च, शनिवार

बस गेली.

कपडे घड्या करून मांडीवर घेऊन बसले होते. ते कशात तरी भरायचे असतात. कोपऱ्यात एक तपकिरी, पट्ट्यांचं काहीतरी होतं, त्याच्याकडे बघत राहिले. ताई खाली जिन्यावर अनवाणी बसलेल्या. त्यांच्यासमोर दोन काळ्या वस्तू होत्या, पायांच्या आकाराच्या. त्या म्हणाल्या, बाई, मला बाहेर जाता येत नाही, का ते कळत नाही.

आतून ब्रश पाण्यात खळबळल्याचा आवाज येत होता. मॅडम पहाटेपासून काम करत होत्या.

हॉर्न ऐकू आला, दोनदा. मग गेली.

२४ मार्च, सोमवार

चित्र फाडलं.

सुरीने खरवडून काही निघेना, म्हणून ईझलवरून ओढून खाली पाडलं आणि हातांनी फाडलं. कॅनव्हास चिवट, नखं उलटली. मधोमध फाटला. वाट बघितली. ताईंच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

मॅडम दारात उभ्या होत्या. त्या रडत होत्या, खरंच रडत होत्या. म्हणाल्या, आता ते तुमच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही. काय मिळवलंत?

मग मला हाताला धरून वर आणलं. बाहेरून कडी लावली.

२५ मार्च

कडी अजून तशीच. ताई दाराखालच्या फटीतून पाव सरकवतात. फटीतूनच बोलतो. त्या म्हणाल्या, तिने नवा कॅनव्हास ताणला. काल मला वर आणलं तेव्हाच मॅडमनी माझ्या टेबलावरचं काहीतरी उचलून नेलं होतं. रात्री आणून ठेवलं.

पलंगावर एक काळी चपटी वस्तू आहे. मधूनमधून थरथरते, उजळते. उजळली की वर लिहिलेलं दिसतं – चिंगी. वाचता येतं. पण तिचं करायचं काय असतं?

थरथरायची थांबली.

२७ मार्च

ताई म्हणतात, काल घरच्या नंबरावर मुलीचा आवाज आला होता. मॅडम बोलल्या तिच्याशी. फार प्रेमाने बोलल्या. आईची तब्येत बरी नाही, काहीबाही बोलते, भरकटल्यासारखं करते, तू ये. येताना तुझं रोजच्या वापरातलं काहीतरी आण, आईला ओळख पटेल.

ताईंना म्हटलं, तिला येऊ नको सांगा. त्या म्हणाल्या, रात्री तिने खालचंही काहीतरी काढलं, ते कशावर सांगतात तेच मला आता –

२८ मार्च

मनगटावरची शाई पुसट झाली. पुन्हा गिरवली. काय गिरवते आहे ते वाचत वाचत गिरवली.

ताई आज बोलत नाहीत. फटीपलीकडे त्यांचे पाय दिसतात. हाक मारली. पाय हलले नाहीत.

पाव नाही.

२९ मार्च, शनिवार

बस आली. हॉर्न ओळखला. तो अजून माझा आहे.

गल्लीतून एक मुलगी येते आहे. पाठीवर ओझं, केस बांधलेले, भरभर चालते. समोरून शिंपीकाका तिच्याकडे बघून हसले.

ती असेल. वहीत आहे ती. मी नीट बघितलं, खूप नीट. डोळे, कपाळ, चालणं. काही नाही. छान मुलगी आहे. कोणाचीतरी आहे.

ओरडले. इथे येऊ नको, परत जा, असं ओरडले. तिने वर बघितलं, आई म्हणाली आणि रडायला लागली. मॅडम बाहेर आल्या. तिच्या खांद्यावर हात ठेवला. बघ, सांगितलं होतं ना मी, असं म्हणाल्या. मी आणखी ओरडले. जेवढी ओरडते तेवढी ती मॅडमच्या जवळ सरकते.

आता विचारताहेत, काय आणलंस. ती पाठीवरचं ओझं उतरवून उघडते आहे –

माझी कोणी नसली तरी चालेल. हिची आई कुठेतरी असेल, वाट बघत असेल. हिला इथून जाऊ दे.

वही टाकते खाली. माझं ऐकत नाही, वाचेल तरी. अक्षर ओळखेल.

मॅडम खाली दिसत नाहीत. जिन्यावर पाय वाजताहेत.

बाळा, तू जी कोण असशील ती, पहिल्या पानापासून वाच. आत पाऊल टाकू नकोस. आणि त्यांनी कितीही गोड बोलून मागितलं तरी त्यांना काहीही दे